उवा मोजणारी वहिनी

लोकांच्या वहिन्या बँकेत असतात, शाळेत शिकवतात, नाहीतर घरी बसून नणंदेला टोमणे मारतात. आमच्या वहिनीने यातलं काहीच केलं नाही. ती पाखरांच्या उवा मोजते. उवा, पिसवा, गोचिड्या, पोटातले जंत, जे म्हणून दुसऱ्याच्या जिवावर फुकट जगतं ते सगळं वहिनीचं. दादाने लग्न ठरवताना घरी एवढंच सांगितलं होतं की मुलगी शास्त्रज्ञ आहे. आई हरखून गेली. शास्त्रज्ञ म्हणजे रॉकेट, निदान एखादं औषध तरी, असा तिचा समज. लग्नाला आठवडा झाला नसेल, तर फ्रीजमध्ये बर्फाच्या ट्रेखाली तिला मेलेली साळुंकी सापडली. नीट गुंडाळलेली, पायाला चिठ्ठी बांधलेली. आईने त्या दिवसापासून बर्फ वापरणं सोडलं.

मी दादाची धाकटी बहीण. गल्लीच्या तोंडाशी माझं शिवणाचं दुकान आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, आणि एखादी बाई ड्रेस सैल करायला आली की हल्ली कापडंच आकसतात बाई, असं म्हणायचं. वहिनी मला वन्सं म्हणते. पहिल्यांदा थट्टेने म्हणाली आणि तेच चिकटलं. त्या थट्टेच्या बदल्यात मी तिला पिशव्या शिवून देते. पाखरं ठेवायच्या पिशव्या.

त्या पिशव्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. वहिनीचं काम असं चालतं: उजाडायच्या वेळेला एखाद्या बागेत जायचं, दोन काठ्यांमध्ये बारीक जाळं लावायचं आणि झुडपामागे लपून बसायचं, म्हणजे रखवालदार संशय घ्यायला मोकळा. चिमणी जाळ्यात आली की सोडवून सुती पिशवीत घालायची, वर नाडी ओढायची. मग वजन, पायात नंबराचं कडं, पंखाखालून रक्ताचा थेंब, आणि पिसं फुंकून फुंकून उवांची मोजणी. झालं की चिमणी मोकळी. पण पाखरू पिशवीत फडफडतं तेव्हा थोड्या उवा पिशवीतही गळतात. वहिनी त्याही सोडत नसे. पिशवी उलटी करून पांढऱ्या ट्रेवर मऊ ब्रशने झाडायची आणि त्या हिशोबात धरायची. हात स्पिरिटने धुणार, चिमटा स्पिरिटने पुसणार, आम्ही तिच्या टेबलाजवळ गेलो तर आम्हालाही पुसायला कमी करणार नाही. पिशव्या मात्र धुवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, दे इकडे, माझ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकते. तर अंगावरच आली. साबणाचा अंश राहिला की पुढच्या चिमणीच्या उवा मरतात म्हणे, आणि मोजणी चुकते. चिमणीचं काय होतं ते होवो, तिच्या उवांना त्रास होता कामा नये.

नोकरी तिची निसर्ग संग्रहालयात. वरच्या मजल्यावर पेंढा भरलेला हत्ती आहे, त्याला दिवे, पंखा आणि स्वतंत्र रखवालदार. वहिनी जिवंत, म्हणून तिला तळघर, बॉयलरच्या शेजारी. एक खिडकी आहे, पण ती रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरच्या जगातले फक्त बूट दिसतात. संचालकांना सगळे पाठीमागे मोर म्हणत, कारण त्यांचा पिसारा कधी मिटत नसे. वहिनीने वर्षभर वाकून मोजायचं, लिहायचं, आणि छापून आलं की पहिलं नाव मोराचं. त्यांनी आयुष्यात एक तरी ऊ जवळून पाहिली असेल का, मला शंका आहे. डोक्यावर तसं काही उरलंही नव्हतं.

निबंध छापून घरी आला की आई चष्मा लावून बसायची. इंग्रजी तिला येत नाही, पण सुनेचं नाव ओळखता येतं. बोटाने ओळीवरून जात जात ते शोधायची. ते सापडायचं तिसरं, नाहीतर चौथं. एकदा तर खाली बारीक अक्षरात, आभार मानलेल्या लोकांत, ड्रायव्हरच्या शेजारी. आई कागदाची घडी घालून ठेवून द्यायची आणि काही बोलायची नाही. वहिनीही बोलायची नाही. बोलायचं काम घरात मला दिलेलं आहे, मी दोघींच्या वाटचं बोलून घ्यायची.

मग शहरात चिमण्यांना देवी आल्या.

कोंबड्या पाळणाऱ्यांना हा रोग ठाऊक असतो. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती, पायाच्या बोटांवर गाठी येतात. बरीच पाखरं त्यातून उठतात. पण गाठ डोळ्यावर आली की चिमणी आंधळी होते, आणि आंधळ्या चिमणीला कुणी काठी देत नाही. वहिनीला पहिली सापडली नदीकाठच्या बागेत. मग जुन्या दफनभूमीत, मग इस्पितळाच्या आवारात. इस्पितळातल्या रोग्यांनी खिडकीवर बसलेल्या चिमण्या पाहिल्या आणि बोंब मारली, वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी बाल्कनीतल्या पाण्याच्या वाट्या फेकून दिल्या. आणि एकाएकी सगळ्यांना आठवलं की तळघरात एक बाई आहे.

मोरसाहेब स्वतः जिना उतरून खाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले, बॉयलर पाहून दचकले म्हणतात. नगरपालिका पैसे देणार, दुसऱ्या मजल्यावर पक्षिरोग विभाग निघणार आणि प्रमुख वहिनी, असं त्यांनी सांगून टाकलं. खोलीला मोठी खिडकी, बाहेर चिंचेसारखी उंच झाडं. त्या रात्री वहिनीने जेवताना त्या खिडकीचं वर्णन इतक्यांदा केलं, की मी शेवटी विचारलं, पडदे शिवायला टाकायचेत का. तर खरंच माप घेऊन आली होती. पडदे मी शिवलेदेखील. हिरवे, बारीक रेघांचे.

बदल्यात एकच काम होतं: साथ पसरते कशी ते सांगायचं. आमच्या घरात भिंती कमी, म्हणून शहराचा नकाशा स्वयंपाकघरात लागला. आजारी चिमण्या सापडतील तिथे वहिनी टाचणी टोचायची, टाचण्या अर्थात माझ्या दुकानातल्या. सगळं नीट जुळत होतं, एक सोडून. बाग, दफनभूमी, इस्पितळ हे सगळं नदीच्या अलीकडे. आणि मग रोगाने एकदम टुणकन उडी मारली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस डेपोच्या मागच्या मैदानात. मधल्या भागात एक चिमणी आजारी नाही. घरापासून चार गल्ल्या लांब न जाणारी चिमणी एवढं शहर ओलांडेल कशी? वहिनीने डोकं फोडून घेतलं. मोरसाहेबांनी घेतलं नाही. ते म्हणाले, लांब उडतं ते कबुतर, म्हणजे हे कबुतराचं काम. नगरपालिकेला तर हे ऐकून गुदगुल्याच झाल्या. पुतळे खराब करतात म्हणून कबुतरांवर त्यांचा जुना राग होताच. चौकाचौकात पिंजरे लावून सगळी मारायची असं ठरत आलं. फक्त नगरपालिकेच्या सभेत वहिनीने उभं राहून हो म्हणायचं बाकी होतं.

वहिनीला कबुतराचं पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. ती रोज जेवताना नकाशाकडे बघायची, आणि तिचं बघून आमचीही जेवणं गार व्हायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "वहिनी, तुझा रोग फार घरोब्याचा आहे गं. तू जातेस त्या बागेत जातो, मग दफनभूमीत, मग इस्पितळात. दादाची डेपोत बदली झाली, तर हाही निघाला तिकडे. स्कूटरवर तुझ्या मांडीवर बसून गेला की काय?"

दादा डेपोत बसची इंजिनं दुरुस्त करतो. बदली झाल्यापासून वहिनी आठवड्यातून एकदा त्याच्या मागे बसून जायची आणि मागच्या मैदानात जाळी लावायची. दादा हसला. आईही हसली, तिला काय कळलं कोण जाणे. वहिनी हसली नाही. तिचा घास हातातच राहिला. मग ती उठली, नकाशासमोर गेली आणि एकेका टाचणीवर बोट ठेवत पुटपुटत राहिली. मला वाटलं माझं बोलणं लागलं. माझं बोलणं लोकांना लागतं, त्यात नवीन काही नाही, पण ही असली पांढरी कधी पडली नव्हती.

सकाळी मी दुकान उघडते तोच वहिनी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन दारात. त्यातली एक काढून म्हणाली, हिची शिवण उसवून द्या.

आता माझी शिवण म्हणजे दुहेरी, आत दुमडून घेतलेली. धागा बाहेर दिसत नाही, पाखराचं नख अडकत नाही. गावात अशी शिवण कुणी घालत नाही, आणि घातली तर मला विचारून घालतात. तीच उसवायची म्हणजे माझ्या जिवावर आलं. तरी उसवली. दुमड उघडली तर आत, अगदी तळाच्या कोपऱ्यात, करड्या तपकिरी खपल्या. देवीच्या गाठींवरच्या. ब्रश तिथवर पोचत नव्हता. चिमणी मोकळी झाली तरी तिच्या खपल्या पिशवीतच राहत होत्या, आणि पुढची निरोगी चिमणी त्याच पिशवीत फडफडत होती. बागेतली पिशवी दफनभूमीत, दफनभूमीतली इस्पितळात, आणि इस्पितळातली दादाच्या स्कूटरवरून डेपोत. वहिनीने चिमट्याने एकेक खपली उचलून कुपीत घातली आणि घेऊन गेली. तळघरातल्या यंत्राने सांगितलं ते तिला आधीच कळलेलं होतं.

परत आली ती सरळ माझ्या कापण्याच्या टेबलावर बसली, कापडावरच. मी कात्री बाजूला केली.

"सगळ्यांना मी हातात धरलं होतं, वन्सं," ती म्हणाली. "डोळा गेलेली ती डेपोतली, तिच्या पायात माझंच कडं आहे. आधी पकडली तेव्हा चांगली ठणठणीत होती. मला चावली होती."

घरात मग खल झाला. दादा देवमाणूस, त्याने देवमाणसासारखाच सल्ला दिला: पिशव्या जाळून टाकू, नव्या घेऊ, इतःपर उकळून वापर. रोग थांबेल. कुणाचं काय बिघडतंय? वहिनी म्हणाली, कबुतरांचं. दादा म्हणाला, कबुतरं आपली कोण लागतात? आई एवढंच म्हणाली की खिडकीचे पडदे शिवून तयार आहेत. ते मी चांगले इस्त्री करून ठेवले होते, दाराआडच टांगलेले होते, आणि सगळे जण तिकडे बघायचं टाळत होते.

वहिनीने मोरसाहेबांनाही जाऊन सांगितलं. तिला वाटलं होतं ते संतापतील. ते संतापले नाहीत. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले की पिशव्या हा बारीकसारीक तपशील आहे, सभेत तपशिलात शिरायचं नसतं. शिवाय कबुतरं कुणालाच आवडत नाहीत, आणि विभागाची पाटी रंगवायला गेली आहे. पाटीचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं, असं वहिनी म्हणाली.

सभेच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. तिचा कोट मीच बेतून दिला होता, खांद्यात नीट बसतो की नाही ते बघायचं होतं. निदान दादाला मी तसं सांगितलं. सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत दुकानदार, ज्यांच्या पाट्यांवर कबुतरं रोज अभिप्राय देतात. आधी मोरसाहेब बोलले. आमची संस्था, आमचं संशोधन, आमची तपश्चर्या. तळघरात जिना उतरून एकदा गेलेल्या माणसाच्या मानाने तपश्चर्या बरीच लांबली. मग वहिनी उठली. तिच्याकडे भाषणाचा कागद नव्हता. तिने कोटाच्या खिशातून पिशवी काढली, मी उसवलेली, शिवण लोंबणारी, आणि माइकसमोर टेबलावर ठेवली.

"रोग कबुतरांनी पसरवलेला नाही," ती म्हणाली. "मी पसरवला. या पिशव्यांतून. मी जिथे जिथे गेले तिथे तिथे तो गेला."

मग तिने सगळं सांगितलं, शिवणीपासून स्कूटरपर्यंत, उवांची मोजणी बिघडू नये म्हणून पिशव्या धुतल्या नाहीत हेही. मोरसाहेब छताकडे असे बघत होते की जणू छत आताच बांधलंय. शेवटी एका दुकानदाराने विचारलं, म्हणजे कबुतरं मारायची की नाही? वहिनी नाही म्हणाली. तो चांगलाच नाराज झाला. एवढी सभा भरवली, दुकान बंद ठेवून आलो.

"मग धरायचं कुणाला?" तो म्हणाला.

"मला," वहिनी म्हणाली.

धरलं. फारसा वेळ लावला नाही. विभाग गेला, पैसे गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पेंढा भरलेलं अस्वल आणून ठेवलं. अस्वलाला झाडं दिसतात आता. त्याच पिशव्यांतल्या मोजणीवरचे जुने तीन निबंध मागे घेतले, त्यातलं पहिलं नाव मोराचं असल्यामुळे ते मात्र त्यांच्या मनाला लागलं. वर्तमानपत्रांनी पुन्हा फोटो छापले, या खेपेला वहिनीचा. जगभरची पाखरं पकडणारी मंडळी पोट धरून हसली, आणि माझी खात्री आहे की त्याच संध्याकाळी त्या सगळ्यांच्या घरी मोठं पातेलं गॅसवर चढलं आणि त्यात पिशव्या टाकल्या गेल्या. उकळताना हसणं थोडं कमी झालं असेल.

वहिनीने जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली. मला वाटलं आता ही अंथरूण धरणार. हिने दुर्बीण धरली. त्याच बागा, त्याच वेळा, फक्त हात न लावता. लांब बाकावर बसून आजारी चिमण्या मोजायच्या आणि यायचं. मी म्हटलं, आता कशाला? आता तर तुला कुणी विचारतही नाही. ती म्हणाली, मी म्हटलं ते खरं आहे की नाही, ते नको का बघायला? मी कपाळाला हात लावला. चोरी स्वतः कबूल करून वर पुरावे गोळा करत हिंडणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मी एका बाईंच्या ड्रेसला टाचण्या लावत होते, तोंडात टाचण्या, बाई अर्ध्या आत अर्ध्या बाहेर, आणि वहिनी धावत दुकानात शिरली. घामाघूम, दुर्बीण गळ्यात हेलकावे खात.

"वन्सं, उतरतोय," ती म्हणाली. "बागेत एकही नवीन नाही. दफनभूमीत नाही. डेपोत आज एक सापडली, तिच्याही गाठी वाळल्यात. मी हात लावायचं थांबवलं तसा उतरतोय."

तिचा चेहरा जसा फुलला होता, तसा दादाशी लग्न ठरलं तेव्हाही नव्हता फुलला. आपल्याच हाताने रोग पसरला हे पक्कं सिद्ध झालं, म्हणून एवढा आनंद. चिमण्या बऱ्या होताहेत म्हणून, आणि आपण बरोबर चुकलो होतो म्हणूनही. मला रडू आलं, सरळ सांगते. तोंडात टाचण्या असताना रडणं धोक्याचं असतं. त्या बाईंना वाटलं टोचली.

मग वहिनीने ते सगळं लिहून काढलं. जाळी, पिशव्या, शिवण, स्कूटर, आणि हात काढल्यावर रोग कसा ओसरला ते. संस्थेच्या रिवाजाप्रमाणे लिहिलेलं आधी मोरसाहेबांकडे गेलं, पहिलं नाव घालायला. इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच संकोच वाटला. ते म्हणाले की यात त्यांचा काहीच वाटा नाही, उगीच दुसऱ्याच्या श्रमाचं श्रेय घेणं त्यांच्या स्वभावात नाही. एरवी खाली नावं लावणाऱ्या बाकीच्यांनाही तेवढ्यात आपापला स्वभाव आठवला.

छापून आला तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. आईने चष्मा लावला, कागद मांडीवर घेतला आणि नेहमीसारखं बोट ठेवून नाव शोधायला लागली. बोट पुढे सरकेचना. पहिलंच नाव वहिनीचं होतं. आईने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, पान उलटून पाहिलं. दुसरं नावच नव्हतं.

"काय लिहिलंयस यात?" आईने विचारलं.

"माझी चूक," वहिनी म्हणाली.

आईने चष्मा काढला. मग उठली, माझ्याकडून चार टाचण्या मागून घेतल्या, आणि नकाशा होता त्या जागी तो कागद लावला. दुसऱ्या मजल्याचे हिरवे पडदे शेवटी स्वयंपाकघराच्याच खिडकीला लागले, दोन्हीकडून चांगले हातभर दुमडून. आता घरी कोणीही आलं, अगदी गॅसवाला आला तरी, आई त्याला त्या भिंतीपाशी नेते आणि बोट ठेवून दाखवते, की हे आमच्या सुनेचं नाव, एकटीचं.